कोंबडीचं मूळ गाव

सिडको-हडकोच्या प्रत्येक गल्लीत एक तरी कोंबडीपारखी असतोच. तो बहुधा सेवानिवृत्त असतो आणि त्याच्या स्वतःच्या घरी एकही कोंबडी नसते. ज्यांच्या घरी कोंबड्या असतात त्यांना खुराडं झाडायचं असतं, त्यामुळे पारख करायला सवड मिळत नाही.

दुसऱ्याच्या अंगणात नवी तलंग दिसली की पारखी फाटक ढकलून आत येतो.

“ही कुठून आणली वहिनी?”

“छावणीच्या बाजारातून.”

“ते झालं. मूळची कुठली?”

वहिनींना एवढंच माहीत असतं की ती दाणे खाते आणि कुंड्या उकरते. मग पारखी तलंग उचलतो. तुरा पाहतो, पंख फाकवतो, नडगीचा रंग बघतो, कानाची पाळी चिमटीत धरतो. “पाळी लाल आहे, अंडं तपकिरी देणार,” असं जाहीर करतो. पाळी पांढरी असली तर अंडंही पांढरं. हा ठोकताळा बराचसा खरा ठरतो आणि अनर्थ तिथूनच होतो. एक अंडं तपकिरी निघालं की पुढची दहा भाकितं गल्ली मुकाट्यानं ऐकून घेते.

त्याचं शास्त्र सुटसुटीत आहे. काळी दिसली की कडकनाथ, तांबडी दिसली की आरआयआर, उंच मानेची आणि भांडखोर असली की असील. उघड्या मानेची दिसली तर तो दोन पावलं मागे सरकून “हिला काही झालंय का?” असं विचारतो. त्या मानेवर पिसं नसणं हा पिढीजात गुण आहे आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो सोयीचाच पडतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. उरलेल्या सगळ्या कोंबड्या ‘क्रॉस’. कशाचा क्रॉस, हे विचारायची प्रथा नाही.

काळ्या पिसांवर तर त्याचा फार जीव. झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि गल्लीतली प्रत्येक काळी कोंबडी रातोरात मध्य प्रदेशची झाली. पुढच्याच वर्षी सांगलीकडे कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्याचं प्रकरण गाजलं, तरी पारख्याच्या लेखी कडकनाथचा भाव उतरला नाही. खरं तर कडकनाथचं काळेपण कातडी, जीभ, मांस, हाडांपर्यंत मुरलेलं असतं. अंडं मात्र फिकट तपकिरी. वहिनींच्या काळीचा तुरा लालभडक. तो दाखवला तर पारखी म्हणतो, “उन्हानं झाला असेल.”

वनराजा आणि गिरिराजापाशी त्याची खरी कसोटी लागते. एक हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची, दुसरी बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. दोन्ही अंगानं भरलेल्या, दोन्ही रंगीबेरंगी. नुसतं बघून त्या वेगळ्या काढणं जाणत्यालाही जड जातं. पारखी सकाळी एक नाव सांगतो, संध्याकाळी दुसरं आणि दोन्ही वेळा चहा घेतो.

गावरान कोंबडीची वंशावळ तशीही अंगावर उमटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटसन आणि पनेट यांनी दाखवून दिलं की गुलाबतुऱ्याची आणि वाटाणातुऱ्याची कोंबडी एकत्र आली तर पिल्लांना अक्रोडासारखा तिसराच तुरा येऊ शकतो. त्यात कोंबडा एकदा भिंत ओलांडून येऊन गेला की पुढचे दहा-बारा दिवस अंडी फळती राहू शकतात. तेवढ्यात दुसऱ्या भिंतीवरून दुसरा येतो. एका खुडूक कोंबडीखालच्या पिल्लांचे बाप दोन असले तर तुऱ्यावरून निकाल कसा लावायचा?

छावणीच्या बाजारात एकदा पारख्यानं पाटीतली एक कोंबडी उलटीसुलटी करून विचारलं, “असल नस्ल कौनसी है?” विकणारा म्हणाला, “चचा, मुर्गी है. कायकू परेशान होते? अंडा देती.” एवढं शास्त्रशुद्ध उत्तर त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं. ते त्याला पटलं नाही.

पटणार कसं? गल्लीत नवा भाडेकरू आला की हाच पारखी आधी नाव विचारतो, मग आडनाव, मग “जालन्याकडचे की परभणीकडचे?”, मग मामाचं गाव. नेमकं काय हुडकायचंय ते तोंडानं म्हणत नाही. माणसं चार प्रश्नांनंतर विषय बदलतात. कोंबडी बदलत नाही आणि तिच्यासमोर ‘जात’ हा शब्द उघड उच्चारता येतो. त्यामुळे तो तिच्यात जास्त रमतो.

कर्नालची राष्ट्रीय संस्था देशी कोंबड्यांच्या जातींची रीतसर नोंद ठेवते. त्या यादीत नंदुरबारकडची बुसरा आहे, तीही आपण गुजरातसोबत वाटून घेतलेली. आपल्या अंगणात फिरणाऱ्या बहुतेक कोंबड्या कुठल्याच यादीत नाहीत आणि त्यावाचून त्यांचं एकही अंडं अडलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, जात हवीच असेल तर आपल्या शहरातल्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात पिल्लांची चौकशी करा आणि पावती जपून ठेवा. नको असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची अंडी मांडत चला; कोंबडी कामाची की नाही, ते महिनाभरात कळतं. आणि आमच्या गल्लीत घर बघायला येणार असाल, तर मामाचं गाव पाठ करून या.