रा. रा. पासआउटराव यांस

रा. रा. पासआउटराव यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या उन्हाळ्यात तुमच्यापायी माझ्या छातीला आणि डोक्याला इतक्या वायरी लागल्या, की मोजायच्या राहून गेल्या.

झालं असं. लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. खोकला हटेना म्हणून तिनं एका दवाखान्यात नेलं. ती गाडी लावायला गेली आणि मी एकटाच नर्सबाईंच्या तावडीत सापडलो. फॉर्म भरता भरता बाईंनी विचारलं, ‘‘कधी पासआउट झाला आहात का?’’ मला बरं वाटलं. परक्या मुलखात खोकल्याआधी कुणी शिक्षणाची चौकशी करतं! म्हटलं, हो, १९८१ साली. कुठे? कोल्हापूरला. किती वेळ? तशी तीनच वर्षं लागतात, पण माझं एक वर्ष गेलं, म्हणून चार. बाईंचं पेन थांबलं. त्या वेळी सोबत कुणी होतं का, त्यांनी हळू आवाजात विचारलं. म्हटलं, शंभरेक जण होते, सगळे एकदमच झालो.

पुढच्या मिनिटाला चाकाची खुर्ची आली.

लेक धावत आली तोवर माझा ईसीजी झाला होता. पासआउट म्हणजे शुद्ध हरपणं, हे तिनं मला मराठीत सांगितलं आणि पासआउट म्हणजे बी. कॉम., हे बाईंना इंग्रजीत. दोघांपैकी कुणालाच पुरतं पटलं नाही. डोक्याच्या वायरी त्यानंतर लागल्या.

तेव्हापासून तुमची कुंडली मांडून बसलो आहे. इंग्रजांच्या घरी तुम्ही एक क्रियापद आणि त्याचं शेपूट, एवढेच. पण उद्योग किती! चक्कर येऊन पडला की पासआउट. ढोसून आडवा झाला की पासआउट. चौकात पत्रकं वाटली तरी पासआउटच. ब्रिजच्या डावात चौघांनीही बोली न लावता पास म्हटलं, तर तो डाव पासआउट होतो, म्हणजे कुणीच काही न खेळता पत्ते गोळा करायचे. (कॅम्पस मुलाखतींना चार कंपन्या येऊन चहा पिऊन गेल्या, की आमच्याकडच्या मुलांचं नेमकं हेच होतं. हा अर्थ तेवढा आम्ही न सांगता उचलला.)

‘ग्रॅज्युएट म्हणा, पासआउट हे अडाण्यांचं इंग्रजी’ असं बजावणारे मास्तर मला ठाऊक आहेत. त्यांच्यासमोर मी तुमचीच बाजू घेतो. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं हा तुमचा अर्थ खुद्द ब्रिटिशांच्या फौजेतला. डेहराडूनची लष्करी अकादमी १९३२ साली सुरू झाली. तिथल्या पहिल्याच तुकडीतून सॅम माणेकशा, मोहम्मद मूसा आणि स्मिथ डन बाहेर पडले आणि पुढे भारत, पाकिस्तान आणि ब्रह्मदेश अशा तीन देशांच्या सैन्यांचे प्रमुख झाले. असे पासआउट असतील तर शब्दाला मान मिळणारच. आमच्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत तर वर्षातून दोनदा पासिंग आउट परेड होते. ३० मे २०२५ रोजी तिथून पहिल्यांदाच १७ मुली बाहेर पडल्या. तीन वर्षं घाम गाळायचा आणि संचलन करत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर पडायचं. तिथे ‘आउट’ला दोन पायांचा अर्थ आहे. मराठी वर्तमानपत्रं त्याला दीक्षांत संचलन म्हणतात, तेही कानाला गोड लागतं.

पण कॉलेजात कसलं संचलन, पासआउटराव? निकाल मोबाइलवर येतो, मुलगा अंथरुणातच पासआउट होतो. इथे मात्र नर्सबाईंचा अर्थ जवळचा ठरतो.

आमच्याकडे आल्यावर तुम्ही क्रियापद राहिला नाहीत, हेही नोंदवतो. मराठी कुठलंही परकं क्रियापद घरात घेते ते त्याची हत्यारं दाराशी काढून ठेवूनच. काळ, वचन, पुरुष, सगळं काम ‘होणे’ किंवा ‘करणे’ बघणार. तुम्ही नुसतं पाटावर बसायचं. म्हणून आम्ही पासआउट होतो, आणि झालो की आम्हीच पासआउट असतो: ‘तू कितीचा पासआउट?’, ‘मी २०१९चा.’ आंब्याच्या पेटीवर हंगाम लिहावा तसा. लग्नाच्या बायोडेटात गोत्राखालोखाल तुमचाच मान. जाहिरातीत ‘चालू वर्षाचे पासआउट’ मागतात, मागच्या सालचा माल नको म्हणून. तुमचे भाऊबंदही इथे असेच रमले. उचलण्याचं काम सोडून पिकअप गाडीच्या अंगात शिरला, ‘चढावर पिकअप नाही’ असं कुठलाही गॅरेजवाला सांगेल. आणि तुमच्या घरातलंच पासिंग आरटीओत नोकरीला लागलं. माणसं पासआउट होतात आणि गाड्या एमएच-०९ पासिंगच्या असतात. कोल्हापूरचा माणूस आणि कोल्हापूरची गाडी यांच्यात फरक एवढाच, की गाडीला पुन्हा तपासणीला जावं लागतं.

तुमच्या धाकट्या अंगाबद्दल मात्र तक्रार आहे. ‘आउट’चं चालचलन बरं नाही. बॅट्समन आउट होतो तेव्हा मान खाली घालून तंबूत परततो. पेपर आउट झाला की परीक्षा रद्द. थर्टी फर्स्टला कुणी आउट झाला, तर त्याला घरापर्यंत पोचवायला दोघे लागतात. एवढ्या बदनाम शब्दाला पदवीच्या मागे कुणी उभं केलं?

वाटलं होतं, आपले जुने शब्द अधिक घरंदाज निघतील. मग ‘उत्तीर्ण’ उघडून पाहिला. ‘तीर्ण’ म्हणजे तरलेला, आणि त्याआधी ‘उत्’, वर आलेला, बाहेर निघालेला. नदीत पडला आणि कसाबसा काठाला लागला. म्हणजे संस्कृतानंही तुमच्यासारखंच शेपूट लावलेलं होतं, फक्त पुढच्या बाजूला! तेव्हा त्याही आघाडीवर माझी माघार.

एकाच शब्दासाठी जीव तुटतो, आणि तो अगदी साधा आहे. माझे वडील म्हणायचे, ‘थोरला बी. कॉम. झाला.’ वसंता मॅट्रिक झाला, शालू डॉक्टर झाली. नुसतं ‘झाला’. त्यात माणूस काहीतरी व्हायचा. काल नव्हता ते आज. आता तुम्ही आल्यापासून माणसं कुठून सुटली ते कळतं, कधी सुटली तेही कळतं. काय झाली, ते विचारायचं राहून जातं. यात तुमचा दोष किती आणि तुम्हाला बोलावणाऱ्यांचा किती, याचा हिशेब मी करत नाही. माझा अकाउन्टन्सीचाच पेपर राहिला होता.

मोठ्यांस नमस्कार, पिकअपला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला,
१९८१चा एक

ता. क. – त्या दवाखान्याच्या कागदात अजून नोंद आहे: रुग्ण १९८१च्या सुमारास चार वर्षे बेशुद्ध, कारण अज्ञात. लेक म्हणते, फोन करून खोडून घेऊ. मी ती चार वर्षं नीट आठवून पाहिली आणि तिला म्हटलं, राहू दे.