नाक्यावरचे तात्या

नवा विषाणू जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात सापडू दे, त्याची खबर आमच्या तात्यांना दुसऱ्या दिवशी पोदेराचा पाव दारात येण्याआधी लागलेली असते. तात्या म्हणजे कोणी एकच गृहस्थ आहेत असं समजू नका. पेडण्याच्या बाजारात एक असतात, डिचोलीच्या बसस्टँडवर एक असतात, आणि तुमच्या घरात कोणी नाही असं वाटत असेल तर बायकोला एकदा विचारून बघा. सरकारी खात्यातून निवृत्त, पेन्शन वेळेवर, साखर काठावर. शर्टाच्या खिशात पूर्वी पेन आणि चष्मा असायचा, २०२० पासून थर्मामीटरही असतो.

मास्क तात्या कधीच विसरत नाहीत. ऐकताना तो नाकावर असतो आणि बोलताना हनुवटीवर येतो. मात्र तात्यांना ऐकताना फारसं कोणी पाहिलेलं नाही.

त्यांचा दिवस एका प्रश्नाने सुरू होतो, "खंय पावलो?" कुठवर पोहोचला? हॉटेलात पातळ भाजी आणि उंडो समोर आला की ते पेपर उघडतात तोच आतल्या पानावर. पहिल्या पानावरचं राजकारण त्यांना फुसकं वाटतं. विषाणू निदान पक्ष बदलताना नाव तरी बदलतो, हे त्यांचं मत. ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या अवतारांना ग्रीक अक्षरं दिली तेव्हा तात्यांनी ती चोवीसच्या चोवीस पाठ केली. पुढे 'म्यू'नंतर 'न्यू' आणि 'शाय' गाळून संघटना थेट 'ओमायक्रॉन'वर गेली, त्याचा संशय त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. "मधले दोन दडवलेत," असं ते आवाज खाली आणून सांगतात.

कोणी नवा माणूस भेटला की "तुम्ही मूळचे कुठले? कुळदेव कोण?" हे विचारल्याशिवाय तात्यांचं बोलणं पुढे सरकत नाही. विषाणूलाही तोच नियम. "हा जेएन.१ म्हणजे बीए.२.८६ चा मुलगा. मूळ ओमायक्रॉनच्या घरातला. घराणं माहितीतलं आहे हो, पण हा धाकटा जरा उनाड निघालाय." समोरचा मान डोलावतो. मुलीला स्थळ आलंय की गावाला साथ, हे त्याला कळायला थोडा वेळ लागतो.

पण तात्यांचं खरं शास्त्र म्हणजे भूगोल. जून २०२१ मध्ये शेजारच्या सिंधुदुर्गात डेल्टा प्लसचा रुग्ण सापडला आणि गोवा सरकारने हद्दीवरची तपासणी कडक केली, तेव्हा तात्यांना दुपारची झोप येईना. "पत्रादेवी बंद केलं तर न्हयबागेने येतलो. न्हयबाग अडवली तर किरणपाणी आहेच. आरोंद्याहून पूल ओलांडला की झालं!" सीमेवरच्या इतक्या वाटा त्यांना माहीत होत्या की त्या विषाणूने ऐकल्या असत्या तर त्याचं कामच झालं असतं. बायकोने, म्हणजे काकींनी, तसं बोलून दाखवलंही. "जरा हळू बोला, त्याला पत्ता सांगताय," म्हणाल्या.

तात्यांचे व्याही डिचोलीला. तेही तात्याच, फक्त त्यांचा नाका दोडामार्गचा. रोज रात्री जेवणं आटोपली की दोघांचा फोन चाले. मुलगी-जावयाची चौकशी पहिल्या मिनिटात उरके, मग मुद्दा निघे.

"व्याही, तो आला तर पत्रादेवीवरूनच येणार. हायवे आहे."

"तसं कसं म्हणता? बांदा-सावंतवाडीची माणसं तुमच्याकडे येतात तशी दोडामार्गची आमच्याकडे कामाला येतात. आमचाही नाका काही कमी नाही."

विषाणू आपल्याच तालुक्यातून शिरावा अशी इच्छा अर्थातच दोघांपैकी कोणाची नव्हती. पण तो दुसऱ्याच्या तालुक्यातून शिरला तर आपल्या नाक्याचा अपमान, असं काहीसं दोघांच्या आवाजात असे. आम्ही त्यांना एकदा सांगून पाहिलं, की नाक्यावर जी माणसं थांबवतात ती रोज इथे येऊन आपली शेतं, कारखाने आणि हॉटेलं चालवणारीच आहेत, आणि बांबोळीच्या इस्पितळात त्यांचेही आजारी येतात. तात्या गप्प झाले. मग म्हणाले, "हो तर. आमची काकी मूळ बांद्याचीच." आणि पुन्हा नाक्यावर गेले.

औषधांच्या बाबतीत तात्या कोणालाच दुखवत नाहीत. १० मे २०२१ ला गोवा सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पाच दिवस देण्याचं जाहीर केलं आणि लगोलग जागतिक आरोग्य संघटनेच्या सौम्या स्वामिनाथन यांनी कोविडसाठी या औषधाचा सर्रास वापर नको असं सांगितलं. तात्यांनी अडीच दिवस सरकारचं ऐकलं आणि अडीच दिवस संघटनेचं. काढा मात्र अखंड चालू. आलं, मिरी, धणे, जिरे, हळद ही मूळ घटना, आणि प्रत्येक व्हेरिएंटला एक दुरुस्ती. डेल्टाला लवंग, ओमायक्रॉनला गवती चहा. फेणीने विषाणू मरतो यावर त्यांचा विश्वास नाही, पण प्रयोग थांबवावा इतका अविश्वासही नाही.

त्याच मे महिन्यात तात्या अचानक मुके झाले. तपासलेल्या दोन नमुन्यांतला जवळजवळ एक पॉझिटिव्ह येत होता, बांबोळीला ऑक्सिजनसाठी माणसं तडफडत होती. सांगण्यासारखी बातमी खरं तर तेव्हाच होती आणि तात्या ती सांगेनात. "खंय पावलो?" विचारायची गरजच उरली नव्हती. सकाळी स्कूटरला दोन पिशव्या लावून ते निघत आणि ज्या घराचं दार बंद असेल त्याच्या फाटकाला डबा अडकवत. आत उकड्या तांदळाची पेज, खारातली कैरी, कधी सुक्या बांगड्याचा तुकडा. फाटकावरून हाक मारत, "डबा ठेवलाय, बोलू नका, दम लागेल." बोलू नका असं तात्या दुसऱ्याला म्हणाल्याचं आम्ही त्याआधी ऐकलं नव्हतं. पुढे ज्याच्या-त्याच्या घरचे डबे परत आले, फक्त झाकणं अदलाबदल झाली. काकींच्या स्वयंपाकघरात अजून दोन झाकणं अशी आहेत, की ती कशालाच बसत नाहीत.

साथ ओसरली तशी तात्यांची वाचा परतली. २ डिसेंबर २०२१ ला देशातले पहिले दोन ओमायक्रॉनचे रुग्ण कर्नाटकात सापडल्याचं जाहीर झालं आणि तात्यांनी हरमलच्या किनाऱ्यावर डोळा ठेवला. परदेशी पाहुणे तिथेच उतरतात, तेव्हा तो तिथेच उगवणार हा त्यांचा हिशेब. २७ डिसेंबरला गोव्यातला पहिला रुग्ण जाहीर झाला, तो निघाला ब्रिटनहून आलेला आठ वर्षांचा मुलगा. तात्या वरमले. "पोराला बरं आहे ना पण?" एवढंच दोन-तीनदा विचारलं. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक होती. दारोदार फिरणारा एक उमेदवार कार्यकर्त्यांचा घोळका घेऊन अंगणात शिरला, तेव्हा तात्यांनी त्याला तुळशीपाशीच थोपवला आणि निगेटिव्ह सर्टिफिकेट मागितलं. उमेदवाराने रस्ता, पाणी, नोकरी, सगळं कबूल केलं. सर्टिफिकेट तेवढं त्याच्याकडे नव्हतं.

मग आला डिसेंबर २०२३. जेएन.१ चे देशात २१ रुग्ण, त्यांतले १९ गोव्यातले! उरलेल्या दोघांत एक केरळचा आणि एक आमच्या शेजारच्या सिंधुदुर्गातला. दुखणं सौम्य आहे, असं डॉक्टर सांगत होते, पण तात्यांना मोठी पंचाईत पडली. चिंता करावी, हे तर खरंच. पण एवढ्याशा गोव्याने एवढ्या मोठ्या देशात कशात तरी असा पहिला नंबर काढलेला त्यांनी प्रथमच पाहिला होता. "एकवीसात एकोणीस!" म्हणताना त्यांची भुवई काळजीने खाली येई आणि मान अभिमानाने वर जाई. हे १९ जण कुठल्या तालुक्यातले, यावरून पेडणे-डिचोली फोन पुन्हा तापला. तात्यांचा मुद्दा बिनतोड. मोपाचा विमानतळ पेडण्यात सुरू झालेला, आता काही यायचं ते नाक्यावरून कशाला येईल? व्याह्यांनी त्या रात्री फोन लवकर ठेवला.

आणि त्याच आठवड्यात तात्या खोकले. सगळ्या वाड्याला टेस्ट करायला लावणारे तात्या स्वतः म्हणाले, "कसली टेस्ट? सोलकढी जरा आंबट होती." पण फोनवरचा खोकला डिचोलीला बरोबर ओळखू आला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही स्कूटरवरून हजर. मास्कवर मास्क, हातात पिशवी. पिशवीत टेस्टचं किट, काढ्याची पुडी आणि शहाळं. पिशवी फाटकाला अडकवली, स्कूटर स्टँडवर लावली, तिच्यावरच बसले आणि तिथूनच तात्यांना फोन लावला. तात्यांनी सोप्यावर आरामखुर्चीत बसून तो घेतला. मध्ये अंगण, तुळस आणि काकींची कोंबडी. दोघं एकमेकांना हातवारे करून दाखवत फोनवर बोलत राहिले. पत्रादेवी झालं, दोडामार्ग झालं, मोपा झालं, ताप किती, तोंडाला चव आहे का, पेज गेली का. तासभर झाला तरी आटपेना, तेव्हा काकी बाहेर आल्या.

"ते फोन ठेवा बघू दोघांनी. पैसे कशाला घालवता? तुम्ही काय बोलताय ते नाहीतरी दोन्ही नाक्यांवर ऐकू जातंय."