चौथ्या सीटवरून जग

डोंबिवलीचे काका जग बघायला निघतात ते निवृत्त झाल्यावर. त्याआधी तीसेक वर्षं ते रोज व्हीटीपर्यंत आणि परत असा प्रवास करतच असतात, पण त्याला कोणी पर्यटन म्हणत नाही, कारण त्यात फोटो काढायला हात मोकळा नसतो. (स्टेशनचं नाव बदलून जमाना झाला, काकांचं व्हीटी बदललेलं नाही.) धार्मिक पर्यटन, साहसी पर्यटन, कृषी पर्यटन, वैद्यकीय पर्यटन असे प्रकार जाणकारांनी पाडून ठेवलेत. काका त्यांतल्या एकातही मावत नाहीत. त्यांचं पर्यटन एकाच कारणासाठी असतं, बसायला जागा मिळवण्यासाठी. जागा मिळाली की सहल सफल. समोर ताजमहाल आहे की नायगारा, हा पुढचा आणि बराचसा काकूंच्या अखत्यारीतला विषय.

सहलीची तयारी सुरू होते ती आरक्षणापासून. रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं तो काळ काकांच्या दृष्टीने सुवर्णकाळ. सकाळी आठच्या ठोक्याला दोन मोबाइल, सुनेचा लॅपटॉप आणि खिडकीवर पाठवलेला शेजारचा बेकार पोरगा अशी चौफेर आघाडी उघडली जायची. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आणली, तेव्हा काकांनी ते व्यक्तिशः लावून घेतलं. उरलेले साठ दिवस माणसाने करायचं काय, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता.

गटसहलीची बस सकाळी सातला सुटणार असेल तर काका सव्वासहाला बसपाशी हजर. ड्रायव्हर दात घासत असतो. काका त्याला नमस्कार करून आत शिरतात आणि पुढून दुसऱ्या सीटवर, खिडकीकडे, रुमाल टाकतात. अशा काकांना पुरतं ओळखूनच सहलवाल्यांनी रोज जागा बदलायची पद्धत काढली असावी. आज पुढे बसला तो उद्या मागे. काकांना हा समाजवाद मान्य नाही. तरी ते जागांचा तक्ता पाठ करतात आणि तिसऱ्या दिवशी टूर मॅनेजरलाच कोपऱ्यात घेतात. "अरे बाळा, आज चार नंबरला पुण्याची मंडळी नाहीत, आम्ही आहोत. हे बघ, लिहून ठेवलंय." बाळ घाम पुसत कबूल करतो. पुण्याची मंडळी मात्र उठत नाहीत, आणि मग लडाखचा अर्धा डोंगर त्या वादात मागे पडतो.

विमानात तर काकांची फारच कुचंबणा होते. विमान खाली यायला लागलं अशी घोषणा झाली रे झाली की काका पट्टा सोडून उभे राहतात आणि वरची बॅग काढायला घेतात. हवाईसुंदरी धावत येऊन बसवते. काका बसतात, पण अर्धेच. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची तेव्हा बोगद्यातच दाराकडे सरकायला लागलं नाही तर माणूस डोंबिवलीला नव्हे, कल्याणला उतरायचा, हे ज्ञान तीस वर्षं अंगात मुरलंय. ते असं एका गोड हसण्याने थोडंच जाणार? एकदा त्यांनी त्या मुलीला अगदी अदबीने विचारलं होतं, "प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येईल?"

हसू येतं खरं, पण काकांचं अगदीच चूक नाही. गटसहल नावाचा प्रकार जन्मला तोच मुळी आगगाडीत. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या सद्गृहस्थाने माणशी एक शिलिंग घेऊन शेकडो लोक लेस्टरहून लॉफबरोला नेले, तेही दारूबंदीच्या सभेला. त्यानंतर बारा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी, आणि ठाण्याला तंबूत खाण्यापिण्याची चंगळ. काही काम नसताना, निव्वळ मौज म्हणून, ऐसपैस बसून ठाण्याला गाडीने गेलेली माणसं इतिहासात बहुधा तेवढीच. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले आणि मौज संपली.

आजचा ठाणेकर पर्यटक मोटारीने जातो. त्याच्या घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये तरणतलाव असतो, बाग असते, झोपायला पलंगही असतो. यातलं काही वापरायला वेळ होत नाही म्हणून तो शनिवारी दोन तास वाहतुकीत घालवून कर्जतला जातो आणि दुसऱ्याच्या तलावाकाठी पैसे भरून झोपतो. घरामागे येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, कधीमधी एखादा सोसायटीच्या सीसीटीव्हीत फुकट दर्शन देऊन जातो, पण ठाणेकर वाघ बघायला ताडोबाला जातो. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडत नाही. तो झोपलेला असतो.

कल्याणचा मात्र जागा असतो. त्याला पर्यटक म्हटलेलं खपत नाही, तो 'भटक्या'. शनिवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलला खांद्यावर सॅक, सॅकला टांगलेला कळकट टोप आणि गळ्यात बॅटरी अशा अवतारात तो चढतो, आणि दमून घरी निघालेल्या आसनगावकरांच्या मांड्यांवर हरिश्चंद्रगडाचा नकाशा पसरतो. आपलं गाव जंक्शन असल्याचा त्याला कोण अभिमान. तो इतिहासातही जंक्शनवरूनच शिरतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल नाणेघाटाने जुन्नरला चढायचा, सातवाहनांच्या राणीचा लेख तिथल्या गुहेत आहे, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजणही घाटमाथ्यावर आहे. हे सगळं खरं आहे. पण तो ते रांजणाला टेकून, पोरं भुकेने कासावीस झालेली असताना सांगतो. पावसाळ्यात तिथला उलटा धबधबा बघायला मुरबाड रस्त्याने मोटारींची रांग लागते. रील काढणाऱ्या त्या गर्दीला तो तुच्छतेने 'पब्लिक' म्हणतो, आणि पब्लिकने मागितला तर फोटोही काढून देतो.

काका आणि हा भटक्या यांची गाठ पडते ती रविवारी संध्याकाळी, मेगाब्लॉकच्या गर्दीत. काका टिटवाळ्याचा गणपती करून परत निघालेले, तो कळसूबाई उतरून आलेला. महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावरून आलेल्या माणसाला काका एवढंच म्हणतात, "ती सॅक वर ठेवा."

आता काकू. खरं सांगायचं तर या घरातल्या पर्यटक त्याच. काका वेळापत्रक बघतात, काकू माणसं बघतात. त्यांच्या बॅगेत मेतकूट, दाण्याची चटणी, बेसनाचे लाडू, भडंग आणि टॉवेलात गुंडाळलेला एक छोटा कुकर असतो, ज्याच्याबद्दल टूर मॅनेजरला काही सांगायचं नसतं. युरोपात नवव्या मजल्यावरच्या खोलीतून शिट्टी ऐकू आली तेव्हा अख्ख्या गटाला आपलं घर आठवलं होतं. लुसर्नमध्ये फ्लॉवर काय भाव, हे त्यांनी हातवारे करून मिळवलं. गटातल्या गुजराती जोडप्याच्या घटस्फोटित मुलीसाठी एक स्थळही सुचवून झालं.

त्याच सहलीत युंगफ्राउयोख होतं. उंची ३,४५४ मीटर, आणि तिथवर गाडी जाते ती आयगर पर्वताच्या पोटातून, १९१२ साली पुऱ्या झालेल्या बोगद्यातून. हा बोगदा सात किलोमीटरांचा. बोगदा सुरू झाला आणि काका उठले. "अहो, बसा की, वेळ आहे," काकू म्हणाल्या. बोगद्यात बसतात का कुठे? काका दारापाशी दांडा धरून सातही किलोमीटर उभे राहिले. डबा निम्मा रिकामा होता. वर पोचल्यावर बाकीचे बर्फात लोळले, काकूंनी पर्समधून लिंबाचं लोणचं काढलं आणि काका परतीच्या गाडीची वेळ बघून आले. डोंबिवलीला परतल्यावर फडके रोडवर कोणी विचारलं, काय पाहिलंत स्वित्झर्लंडमध्ये, तर काका डोळे मिटून सांगतात, "गाडीला तीन मिनिटं झाली ना, की तिकडे ती लेट धरतात."

जपानला ते गेले त्यालाही कारण गाडीच. नोव्हेंबर २०१७ मध्ये तोक्योजवळ एक गाडी वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली होती. ती बातमी वाचताना काकांचा गळा दाटून आला. आयुष्यभर घोषणेतली 'दिलगिरी' ऐकत आलेल्या माणसाला, अशी खरी दिलगिरी पृथ्वीवर कुठेतरी असते हे कळणं साधं नाही. काकूंनी चेरीची फुलं म्हणून हो म्हटलं. फुजी पर्वत बघायच्या दिवशी तो ढगात होता. काकांना त्याचं दुःख झालं नाही, कारण आदल्या सकाळी जगातल्या सर्वांत गर्दीच्या शिंजुकू स्टेशनात त्यांनी साडेआठची वेळ एका खांबाला टेकून मनसोक्त पाहिली होती. "शिस्त आहे," ते म्हणाले, "पण जोर नाही."

शेवटी मुलाने सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत एडिसनला बोलावून घेतलं. काकूंना नातू होता. काकांना मागचं अंगण होतं, त्यात एक हरीण यायचं. हरणाशी बोलायचं काय? मुलाने नायगारा दाखवला, वॉशिंग्टन दाखवलं. काका "छान आहे" म्हणाले आणि सोफ्यावर आडवे झाले. घरात काळजी सुरू झाली. मग एका सकाळी फिरता फिरता त्यांना एडिसन स्टेशन सापडलं. न्यूयॉर्कला जाणारी गाडी, मेटचन, मेट्रोपार्क, रावे, पुढे न्यूअर्क. आठवडाभरात वेळापत्रक तोंडपाठ. कुठली सगळीकडे थांबते, कुठली मधली स्टेशनं गाळते, न्यूअर्कला किती माणसं उतरतात, सगळं वहीत. मुलालाच विचारू लागले, "पेन स्टेशनला जिना कुठे येतो ते बघून डबा धरत नाहीस? मग रोज जातोस कशाला?"

मुलाने हौस म्हणून एक दिवस बरोबर नेलं. डबा जुना होता. एका बाजूला दोघांचं बाक, दुसऱ्या बाजूला तिघांचं. तिघांचं बाक, म्हणजे लोकलच्या हिशेबाने चौघांचं! काकांनी ते पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. एका बाकाच्या दोन टोकांना दोन अमेरिकन बसले होते, मधे त्यांच्या बॅगा, आणि वाटेत चार माणसं निमूट उभी. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. काकांनी दोन्ही बॅगा उचलून वर फळीवर ठेवल्या, मधल्या जागेत मुलाला बसवलं. मुलगा खाली मान घालून फोनमध्ये शिरला. मग काका कडेच्या गृहस्थाकडे वळले. मांडीवर लॅपटॉप, कानात यंत्रं. काकांनी त्याच्या डोळ्यांसमोर दोन बोटं आडवी हलवली आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "थोडं सरका."

तो सरकला.