घड्याळ फोर्टात, निकाल कलिन्यात

मुंबई विद्यापीठाच्या दूरदृष्टीला दाद द्यावी तेवढी थोडी. १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर घड्याळासकट फोर्टात. परीक्षा भवन मात्र दूर कलिन्यात. काट्यांची टिकटिक तपासणीच्या आड येऊ नये, एवढाच हेतू. २०१७मध्ये ऑनस्क्रीन मूल्यांकन आले आणि ४५ दिवसांची कायदेशीर मुदत ओलांडून निकालांनी मोकळा श्वास घेतला. हातात हॉल तिकिटाची झेरॉक्स, पुढे रांग, आणि खिडकीतून आवाज: ‘सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या.’ (कुठला सोमवार, हे विचारणे असभ्यपणाचे.) वेळेची कदर नाही म्हणावे, तर जेवणाच्या सुट्टीला हीच खिडकी सेकंदही न चुकता बंद होते. आता निकाल थेट निवृत्तीच्या दिवशी द्यावेत. पेन्शनच्या अर्जाला मार्कशीट लागते का, तेवढे सोमवारी कळेल.