लेख विचाराधीन आहे

निवृत्त मुंबईकराने थळ-किहीमच्या किनाऱ्यावर वाडी घ्यावी, दोनचार वर्षे नारळ-सुपारीचे उत्पन्न आणि माळ्याचा पगार यांचा ताळा जमवण्यात घालवावीत, पुढे रातकिड्यांना कंटाळावे आणि अखेरीस मांडव्याच्या लाँचमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी इसमाला ती वाडी विकत घेण्याचा आग्रह करावा, हा या मुलखातला प्रघात आता इतका रूढ झाला आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. थळात येऊन कधीही न कंटाळणारा एकच वर्ग माझ्या पाहण्यात आहे, आणि तो म्हणजे कर्करोगचिकित्सकांच्या नियतकालिकांकडे लेख पाठवणाऱ्या डॉक्टरांचा.

या वर्गात पोटजाती दोन. पहिली सकाम. २०१५ साली भारतीय वैद्यक परिषदेने परिपत्रक काढून वैद्यकीय महाविद्यालयांतील बढतीसाठी कोणते लेख धरायचे आणि कोणते नाहीत याचा खुलासा केला, लेखकांच्या यादीत पहिल्या दोघांत असण्याला महत्त्व आले, आणि ज्या तंट्यांसाठी पूर्वी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे ते तंटे महाविद्यालयांच्या उपाहारगृहांत चहाच्या पेल्यावर सुरू झाले. ही मंडळी पोटासाठी लिहितात, तेव्हा त्यांच्याविषयी अधिक बोलणे सभ्यपणाचे नाही. दुसरी पोटजात निष्काम. तिला बढती नको, पगारवाढ नको. पेन्शन चालू आहे, मुले परदेशी आहेत. तिला केवळ लेख पाठवायचा असतो. आमचे डॉक्टर या दुसऱ्या पोटजातीचे. थळात इंजेक्शन देणारे डॉक्टर निराळे असल्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून गावाने यांना ‘लेखवाले डॉक्टर’ असे नाव ठेवले आहे, आणि ते त्यांना मनातून आवडते.

डॉक्टरांची सारी हयात मुंबईत शस्त्रक्रिया करण्यात गेली. त्यांचे दैवत खानोलकर. परळच्या टाटा रुग्णालयातल्या या विकृतिशास्त्रज्ञाने, नेसत्या धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन १९४५ साली जगापुढे मांडले, आणि एका साध्या वस्त्राला वैद्यकाच्या ग्रंथांत कायमची जागा मिळाली, ही कथा डॉक्टर नव्या पाहुण्याला पहिल्या चहाबरोबरच ऐकवतात. “धोतर खानोलकरांनी नेलं,” असे म्हणून ते क्षणभर थांबतात आणि मग बंदराच्या दिशेने बोट दाखवून म्हणतात, “मिश्री राहिली आहे.” वस्तुतः मिश्रीवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलेले आहे, परंतु थळच्या मिश्रीवर कोणी लिहिलेले नाही, हा त्यांचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. बंदरावरच्या म्हाताऱ्या मासळीवाल्या तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, पूड करून, पहाटे हिरड्यांना चोळतात. त्यांतल्या कित्येकींच्या खालच्या ओठाआड पांढरा चट्टा पडलेला असतो. आणि तो पाहण्यासाठी डॉक्टर सकाळी सकाळी खिशात विजेरी घेऊन लिलावाच्या गर्दीत उभे राहतात. मासळीचा भाव करताना तोंड उघडावेच लागते, तेवढ्यात यांचे निदान होते. चट्टा दिसला की सुरमईचा भाव उतरलेला असो वा चढलेला, डॉक्टर ती घेतात, आणि पिशवीत सुरमई पडेपर्यंत बाईला मिश्री सोडण्याविषयी उपदेश करतात. उपदेशाचा परिणाम काय झाला हे त्यांच्या लेखात कोष्टकाच्या रूपाने आलेले आहे. कोष्टक फार लहान आहे.

लेख लिहिणे हा या व्यवसायातला सोपा भाग. सादर करणे हे खरे काम. शीर्षकाचे पान निराळे. परीक्षकांना लेखक कळू नये म्हणून नावगाव गाळलेली प्रत निराळी. २५० शब्दांत बसवलेला सारांश. हितसंबंध नसल्याची कबुली. आणि संदर्भ १९७८ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरी जमलेल्या संपादकांनी घालून दिलेल्या शिरस्त्याने, म्हणजे मजकुरात केवळ आकडे आणि शेवटी त्या आकड्यांची ओळीने फेड. एक संदर्भ मध्ये घुसला की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक फिरतात, आणि ते फिरवण्यात डॉक्टरांचा अख्खा श्रावण जातो. वाडीत नेटवर्क येते ते विहिरीच्या कठड्याजवळ, तेही भरती-ओहोटी पाहून आल्यासारखे. तेव्हा छायाचित्रे चढवण्यासाठी त्यांना अलिबागेत एसटी स्टँडाजवळ, सातबाराचे उतारे आणि उत्पन्नाचे दाखले काढून देणाऱ्या केंद्रात जावे लागते. तिथला पोरगा तरबेज आहे. पहिल्या वेळी त्याने नेहमीच्या शिरस्त्याने विचारले, “काका, अर्ज कशाचा?” डॉक्टरांनी दहा मिनिटे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, रकाने भरले, आणि छायाचित्रावर नजर जाताच निकाल दिला, “हा फोटो रिजेक्ट होणार. तीनशे डीपीआय मागतात. आणि खाली लेखकाची सही नाही. सहीशिवाय तलाठीसुद्धा घेत नाही.” लेख परत आला तो नेमक्या या दोन कारणांसाठी. तेव्हापासून डॉक्टर त्याला आपला पहिला परीक्षक मानतात.

नीतिसमितीच्या मंजुरीचे प्रकरण याहून बिकट. मनुष्यावरील संशोधनाला ती लागतेच. पण समिती असते संस्थेची, आणि निवृत्त माणसाची संस्था म्हणजे झोपाळा आणि त्यावरची उशी. किहीम तिथून हाकेच्या अंतरावर. सालिम अलींनी १९३०च्या सुमारास तिथे मुक्काम ठोकून सुगरण पक्ष्यांचे संसार न्याहाळले, नर एक घरटे अर्धे विणून मादीला दाखवतो, ती राहायला आली की दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हे टिपले, आणि तो लेख मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या जर्नलात छापून आणला. “एका तरी सुगरणीचं संमतिपत्र घेतलं होतं का?” असा डॉक्टरांचा सवाल असतो, आणि त्यात नुसता मत्सर भरलेला असतो. अखेर एका महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांनी आपल्या समितीपुढे दरखास्त ठेवण्याचे मान्य केले. मोबदल्यात त्यांनी काही मागितले नाही. फक्त एका रविवारी सहकुटुंब येऊन, समुद्र किती छान आहे असे सांगून, बंदरावर डॉक्टरांनी त्यांच्यासाठी आगाऊ सांगून ठेवलेला चार किलोंचा जिताडा खाऊन ते गेले, आणि लेखाच्या माथ्यावर दुसरे नाव त्यांचे चढले. या जिल्ह्यात जिताड्याने याहून मोठी कामे झालेली आहेत.

यथावकाश लेख रवाना होतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘आपला लेख विचाराधीन आहे’ असे इवलेसे पत्र येते. या पत्राने डॉक्टरांच्या देहात जो फरक पडतो तो मी पुनःपुन्हा पाहिला आहे. चालण्यात ऐट येते. दाढी रोज होते. माळ्याला हाक मारताना स्वर खाली येतो. कोणी सहज विचारले, काय चालले आहे, तर पूर्वीप्रमाणे “काही नाही, वेळ जातोय” असे न म्हणता ते गंभीरपणे सांगतात, “विचाराधीन आहे.” नाकारलेल्या लेखकाची जगात कोणी दखल घेत नाही, छापलेल्या लेखकाला कोणी वाचत नाही, ज्याच्यावर दूर कुठेतरी दोन अनोळखी विद्वान विचार करीत आहेत असे मानायला आधार आहे, असा मनुष्य मात्र या दोघांहूनही सुखी असतो. या काळात एखादे परदेशी नियतकालिक “थोर संशोधक महोदय” असा मायना घालून, मत्स्यशेती ते हृदयरोग कोणत्याही विषयावरचा लेख डॉलरांत शुल्क भरल्यास तीन दिवसांत छापण्याची हमी देते. डॉक्टर पैसे भरत नाहीत, पण पत्राची छापील प्रत काढून फायलीत लावतात. मायना बरा असतो, असे त्यांचे म्हणणे.

परीक्षकांचे अभिप्राय आले की मात्र वाडीवर युद्धपरिस्थिती. परीक्षक नेहमी दोन, आणि ते एकमेकांना कधीच भेटलेले नसतात. पहिल्याने लिहिले होते, मिश्रीचे दुष्परिणाम सर्वज्ञात आहेत, या लेखात नवे काय? दुसऱ्याने लिहिले होते, मिश्री म्हणजे काय? शिवाय दुसऱ्याच्या आणखी पुष्कळ हरकती. १६७९ साली शिवाजी महाराजांनी थळासमोर खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा पुढल्याच वर्षाच्या आरंभी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडून तिथून तोफा डागल्या. डॉक्टरांच्या ओटीवरून दोन्ही बेटे दिसतात, आणि तेव्हापासून दुसऱ्या परीक्षकाचे नाव त्यांनी ‘उंदेरीचा सिद्दी’ ठेवले. तंबाखू कोणत्या तापमानावर भाजतात, असा सिद्दीचा सवाल होता. डॉक्टर कोळीवाड्यात एका स्वयंपाकघरात जाऊन चुलीपाशी बसले. बाईने तव्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो चर्रकन उडाला. “येवडा,” ती म्हणाली. डॉक्टरांनी इंग्रजीत ते जसेच्या तसे कळवले. सिद्दीचा उलट खलिता आला: एकक नमूद करावे. नमुना अल्प असल्याची हरकत आली त्या रात्री तर ते जेवले नाहीत. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधील १,३१,७४६ स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोग-तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, आणि तो आकडा डॉक्टरांना देवघरातल्या स्तोत्राइतका पाठ आहे. “म्हणजे मी काय आख्खा रायगड जिल्हा आ करून उभा करू?” असे ते ओटीवरून समुद्राला उद्देशून ओरडले. उत्तरात मात्र प्रत्येक हरकतीखाली एकच वाक्य होते: मार्मिक सूचनेबद्दल परीक्षकांचे आम्ही अत्यंत ऋणी आहोत. ओटी आणि उत्तर यांतले हे अंतर राखता आले की मनुष्य लेखक झाला असे समजावे.

शेवटी लेख स्वीकारला गेला. डॉक्टर अगदी खचले. मुद्रिते अठ्ठेचाळीस तासांत तपासून परत करा, असा संपादकांचा हुकूम होता. यांनी ती सहा तासांत परत केली आणि उरलेले बेचाळीस तास कुठे घालवावेत या विवंचनेत ते वाडीतल्या सुपाऱ्या मोजत हिंडले. महिन्याभराने लेख छापून आला. घरातल्या कोणी तो वाचला नाही. मुलाने अमेरिकेहून अंगठा पाठवला. तेव्हा ते छापील प्रत घेऊन सरळ बंदरावर गेले, जिच्या ओठाआडचा चट्टा छायाचित्रात होता त्या मासळीवालीकडे.

तिने संमतिपत्रावर सही केली होती, ती ठसठशीत आणि पूर्ण नावानिशी. ओले हात परकराला पुसून तिने प्रत हातात घेतली, उलटसुलट केली, छायाचित्र शोधले. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून नियमाप्रमाणे डोळे, नाक, कपाळ सगळे छाटून खाली ओठ तेवढा ठेवलेला.

“तोंड माजा, न नाव तुमचा?” ती म्हणाली. डॉक्टर गोपनीयतेचे तत्त्व समजावू लागले. तिने बोट माथ्यावरच्या दुसऱ्या नावावर नेले. “न ह्यो दुसरा कोन?” डॉक्टरांनी नाव वाचून दाखवले. ती ओळखून गेली. त्या रविवारचा मासा तिनेच दिला होता. “ह्यो? ह्यो तर निस्ता जिताडा खाऊन गेला!” लिलाव थांबला. पाटीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि एकीने, आपलाही चट्टा छापायचा असेल तर आधी नावाचे बोला, असे डॉक्टरांना बजावले.

आभारप्रदर्शनात रुग्णाचे नाव, त्याची स्वतःची तशी लेखी मागणी असल्यास, घालता येईल काय, अशी विचारणा करणारे सविस्तर पत्र डॉक्टरांनी त्याच दिवशी अलिबागेतल्या केंद्रातून संपादकांकडे धाडले. पोराने सही आहे की नाही ते आधी पाहून घेतले. संपादकांचे उत्तर अजून आलेले नाही, आणि डॉक्टरांची प्रकृती त्यामुळे उत्तम आहे.