दुधाच्या पिशवीचा कोपरा कापणाऱ्यास

महाशय,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपली रीत. तुम्हाला तो लिहायला हात धजत नाही.

दुधाची गाडी येते आणि आमच्या दाराला पिशवी लागते, त्यामधल्या अंधारात तुमचं काम चालतं. ब्लेडने कोपरा कापायचा, दूध काढायचं, पाणी घालायचं, मेणबत्तीवर कड चिकटवायची. हात सफाईदार आहे तुमचा. लाज तेवढी नाही. परवा नातीसाठी दूध तापवायला घेतलं, तर पिशवीचा एक कोपरा जाडसर, सुरकुतलेला आणि काळपट लागला. सगळं दूध मोरीत ओतलं.

पातळ दूध तपासणीत पकडलं जातं, म्हणून तुमचेच भाईबंद त्यात युरिया घालतात. हीच युक्ती चीनमध्ये झाली. तिथे प्रथिनं ठरवायला दुधातला नायट्रोजन मोजत. पाणी घातलेल्या दुधात मेलॅमिन टाकलं की आकडा बरोबर यायचा. मेलॅमिन, ज्याच्या ताटल्या बनतात ते! २००८ साली ते सानलू कंपनीच्या बाळांच्या दूध पावडरीत निघालं. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, ६ तान्ही बाळं दगावली. तान्ह्या पोरांना मूतखडे झाले हो! आयांनी चमच्याने मोजून, कोमट पाण्यात कालवून, मांडीवर घेऊन पाजलेलं दूध होतं ते.

दोघांना देहान्ताची शिक्षा झाली, कंपनी बुडाली. गेलेला भरवसा मात्र आला नाही. चिनी आईबाप परदेशी डब्यांसाठी हाँगकाँगला धावू लागले. तिथल्याच बाळांना पावडर पुरेना, तेव्हा मार्च २०१३ पासून सरकारने बंधन घातलं: बाहेर जाताना माणशी १.८ किलो, म्हणजे दोन डबे. जास्त नेले तर तुरुंगापर्यंत शिक्षा. आपल्या देशाच्या दुधाला आईच भिते, ही वेळ तुमच्यासारख्यांनी आणली. ती आमच्या दारात आणू नका. आपल्याकडेही २००६ चा कायदा आहे. असुरक्षित अन्नाने जीव गेला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

ता. क. हे वाचणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना: पिशवी फोडण्याआधी कोपरे बोटांनी चाचपून बघा. संशय आला तर माझ्यासारखं मोरीत ओतू नका. पिशवी तशीच फ्रीजमध्ये ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. मी ओतलं, आणि पुरावाही त्याबरोबर वाहून गेला.