नाकाने केलेली पारख

संग्राह्य स्नीकर, म्हणजे पायात घालण्याऐवजी खोक्यात जपून चढ्या भावाने विकण्यासाठी घेतलेला बूट, अस्सल आहे की नाही हे ठरवणारे तज्ज्ञ टाके मोजतात, अतिनील दिव्याखाली खुणा शोधतात आणि अखेरीस बुटात नाक खुपसून चिकटद्रव्याचा वास घेतात. चीनच्या पुतियान शहरात, जिथे नामांकित कंपन्यांचे बूट कंत्राटावर तयार होत, तिथलेच कसब पुढे नकलेत उतरल्याने (कारागिराची बदली झाली नाही, फक्त मालकाची झाली) ही घ्राणविद्या अपरिहार्य ठरली. पुनर्विक्री करणाऱ्या स्टॉकएक्सकडून अस्सलतेच्या हमीसह घेतलेले चार जोड बनावट निघाल्याचा दावा २०२२ मध्ये नायकीने न्यायालयात केला. आपला माल आपला नाही, हे दाखवण्यासाठी उत्पादकालाच गिऱ्हाईक व्हावे लागले.